नदीकाठी मेलेल्या माशांचा खच का? उत्तर नॉर्वेला निघालेल्या प्रवाशांसाठी

ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्क भागात जाऊन आलेले प्रवासी आम्हाला हमखास विचारतात, "एवढ्या स्वच्छ देशात नदीला असा कुजका वास? पाण्यात काही सोडलंय का कोणी?"

कोणी काही सोडलेलं नसतं. म्हणजे सोडलं होतं, पण फार पूर्वी, आणि शेजारच्या देशानं.

हा मासा म्हणजे गुलाबी सामन. नॉर्वेत त्याला 'पुकेललाक्स', म्हणजे कुबडा सामन म्हणतात, कारण विणीच्या वेळी नराच्या पाठीवर चांगलं उंच कुबड येतं. वजन साधारण दीड-दोन किलो, शेपटीवर मोठे लंबगोल काळे ठिपके. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून वर येतात, तसा हाही समुद्रातून नदीत चढतो. पण अंडी घातल्यावर नर-मादी सगळेच मरतात. त्याचं आयुष्यच दोन वर्षांचं. त्यामुळे सम वर्षी विणणारे आणि विषम वर्षी विणणारे एकमेकांना कधी भेटतच नाहीत. नॉर्वेत जोर आहे तो विषम वर्षांचा. सम वर्षी गेलात तर बहुधा काहीच दिसणार नाही, आणि वासही येणार नाही.

मूळचा हा प्रशांत महासागराच्या उत्तरेकडचा. सोव्हिएत संघानं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याची पिल्लं नॉर्वेजवळच्या कोला द्वीपकल्प आणि श्वेत समुद्राकडच्या नद्यांत सोडली. सुरुवातीला अतिपूर्वेच्या सखालिन बेटाहून आणलेली अंडी तिथल्या थंडीत तग धरेनात. १९८५ मध्ये सखालिनच्याही उत्तरेला असलेल्या मगदानकडची, विषम वर्षाची अंडी आणली आणि ती रुजली. तिथून मासा आपला आपण पसरला. २०१७ मध्ये तो नॉर्वेतच नव्हे, स्कॉटलंड-आयर्लंडच्या नद्यांतही दिसला. नॉर्वेच्या नद्यांतून २०२१ मध्ये लाखाहून जास्त, तर २०२३ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास मासे काढले गेले.

तिथल्या लोकांना काळजी आहे ती मूळच्या अटलांटिक सामनची. त्याची पिल्लं काही वर्षं नदीतच वाढतात. या पाहुण्या कुबड्याची पिल्लं मात्र नदीतळाच्या खड्यांतून बाहेर येताच समुद्र गाठतात. पाहुण्यांची गर्दी, नरांची दांडगाई आणि मागे उरलेले कुजके मासे मूळच्या सामनला त्रासदायक ठरतात. सामी या तिथल्या आदिवासी लोकांचं जगणं ज्या टाना नदीशी बांधलेलं आहे, तिथं सामनच्या मासेमारीवर २०२१ मध्ये बंदी आली. तिथला सामन त्याआधीच घटत चालला होता, सगळा दोष या पाहुण्याचा नाही. नदीत आडवी जाळी लावून गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसं दिसली तर ती बहुतेक गावातलीच असतात. कुबडा बाहेर काढायचा, अटलांटिक सामन वर जाऊ द्यायचा, हे त्यांचं काम. थांबून बघण्यासारखं असतं, पण जाळ्याजवळ जाऊ नका.

हॉटेलच्या नाश्त्यातला सामन हा नव्हे, तो मत्स्यशेतीतला अटलांटिक. समुद्रातून नुकताच आलेला चंदेरी कुबडा चवीला चांगला असतो, गाभोळीही उत्तम. रंग तपकिरी पडला की मांस पिळपिळीत होतं. कल्ले बघून मासा घेणाऱ्यांना हे सांगायला नको.

नदीत गळ टाकायचा असेल तर सरकारी शुल्क आणि त्या नदीचा स्थानिक परवाना, दोन्ही लागतात. रोग पसरू नये म्हणून गळ-काठी आणि बूट निर्जंतुक करून घ्यावे लागतात. हा खर्च सहलीच्या रकमेत धरलेला नाही, तेव्हा बुकिंग करतानाच सांगा.