नाही म्हणायचं नाही: डिस्नेतल्या पिनांच्या अदलाबदलीची पार्श्वभूमी

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानात एखाद्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात रुंद पट्टी दिसते. तिला लॅनयार्ड म्हणतात. तिच्यावर डझनभर धातूच्या रंगीत पिना, म्हणजे चित्रांचे छोटे बिल्ले, टोचलेल्या असतात. एखादं पोर समोर येऊन हवी ती पिन बोटाने दाखवतं आणि आपल्या पट्टीवरची एक काढून पुढे करतं. कर्मचारी खाली वाकून ती पिन देतो आणि पोराची पिन तिच्या जागी लावतो. पैसे नाहीत, घासाघीस नाही. पोराची पिन अस्सल असली की कर्मचाऱ्याने नाही म्हणायचं नाही, असा नियमच आहे. मला या छंदाचं मर्म त्या एका नियमात दिसतं.

छातीवर खूण मिरवायची हौस फार जुनी. मध्ययुगीन युरोपात स्पेनमधल्या सांतियागोची यात्रा करून आलेला माणूस शिंपल्याची खूण लावायचा. इंग्लंडमधल्या कँटरबरीची यात्रा केलेले लोक शिसं-कथलाचे छोटे बिल्ले टोपीवर, अंगरख्यावर टोचायचे. पण ते मिरवण्यासाठी असत, बदलण्यासाठी नव्हे.

अदलाबदलीचा धागा ऑलिंपिककडे जातो. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये खेळाडू, पंच आणि पदाधिकारी ओळखू यावेत म्हणून त्यांना पुठ्ठ्याचे बिल्ले दिले होते. आपल्याकडे स्टेशनावरच्या हमालाचा किंवा एसटी कंडक्टरचा बिल्ला असतो, त्याच जातीचे. पुढे वेगवेगळ्या देशांचे खेळाडू निरोप घेताना आपापले बिल्ले एकमेकांना द्यायला लागले. एकमेकांची भाषा येत नसली तरी बिल्ला देता येतो, घेता येतो. पुठ्ठा जाऊन धातू आला, मीनाकामासारखे रंग भरले जाऊ लागले.

प्रेक्षकांना या नादाची खरी लागण १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी स्पर्धांपासून झाली असं मानतात. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला तर त्याची लाटच आली. त्या स्पर्धेचं शुभंकर असलेला सॅम गरुड डिस्नेचा चित्रकार बॉब मूर यानेच काढला होता. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये कोका-कोलाने पिना बदलण्यासाठी खास केंद्रच उघडलं.

डिस्नेने ही कल्पना उद्यानात आणली ती ऑक्टोबर १९९९ मध्ये, नव्या सहस्रकाच्या पंधरा महिन्यांच्या सोहळ्याच्या निमित्ताने. सोहळ्याचं केंद्र होतं एपकॉट, डिस्ने वर्ल्डमधलंच एक उद्यान. स्मरणिका म्हणून पिना डिस्नेत त्याआधीही विकल्या जात, पण आता त्यांना खेळाचं रूप मिळालं. वर्षभरात तो कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये पोचला, मग पॅरिस आणि हाँगकाँगमध्येही रुजला.

ऑलिंपिकमध्ये अदलाबदल होते ती दोन हौशी लोकांत. तिथे समोरचा आपली पिन निरखून मान हलवू शकतो. नवख्याजवळ बहुतेकदा साधा माल असतो, त्यामुळे तो हिरमुसतो. डिस्नेने मध्ये कर्मचारी उभा केला. त्याच्या गळ्यातल्या पिना कंपनीने अदलाबदलीसाठीच दिलेल्या असतात, त्यामुळे त्याला कशाचाच मोह नाही. कालच दुकानातून घेतलेली सगळ्यात स्वस्त पिन द्या आणि त्याच्याकडची आवडेल ती घ्या. एका माणसाने एका कर्मचाऱ्याशी दिवसात दोनच पिना बदलायच्या, अशी अट. हा धंदा आहेच, पहिली पिन विकतच घ्यावी लागते. तरीही पोस्टाची तिकिटं आणि काडेपेटीचे छाप जमवताना ‘तुझ्याकडे डबल आहे का’ विचारत फिरलेल्या कुणालाही हा नियम किती दिलदार आहे ते चटकन कळेल.

मग कंपनीने दुकानात न मिळणाऱ्या, फक्त कर्मचाऱ्यांकडूनच बदलून मिळणाऱ्या पिना काढल्या. त्या ‘हिडन मिकी’ म्हणून ओळखल्या जातात. चित्रात कुठेतरी मिकीच्या डोक्याचा चिमुकला ठसा दडलेला असतो. तो शोधताना मुलं पिन डोळ्यांपाशी धरून तिरकी करून बघतात. दुसरीकडे मोजकेच नग काढलेल्या पिनांचे भाव हौशी मंडळींत वर गेले.

‘नाही म्हणायचं नाही’ याचा गैरफायदाही घेतला गेला. बनावट पिना घाऊक भावात ऑनलाइन मिळू लागल्या. त्यांना हौशी लोक ‘स्क्रॅपर’ म्हणतात. पन्नास-शंभर बनावट पिना घेऊन यायचं आणि कर्मचाऱ्यांकडच्या अस्सल उचलायच्या. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात फसतं ते लहान मूल. त्याने आपली खरी पिन दिलेली असते आणि हाती येते ती नक्कल. ओळखायला पिन उलटी करून बघावी. कडा खरबरीत, रंग खळग्यातून ओघळलेला किंवा अर्धवट भरलेला, वजन हलकं, स्वामित्वहक्काची अक्षरं फुगलेली असली तर शंका घ्यावी.

२०२० च्या साथीनंतर उद्यानं उघडली तेव्हा गळ्यातल्या पट्ट्या काही काळ गेल्या आणि पिना फळ्यांवर लागल्या. पट्ट्या नंतर परतल्या, फळेही राहिले. फळा सोयीचा, पण त्याच्याशी बोलता येत नाही.

ऑर्लँडोला, म्हणजे डिस्ने वर्ल्डच्या गावी, निघालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाला यात उतरायचं असेल तर पट्टीसकट मिळणारा सुरुवातीचा संच पुरे. शंभर पिनांचा स्वस्त गठ्ठा घरून मागवून नेऊ नये. मुलाला आधी एखादा विषय ठरवू द्यावा: नुसत्या आगगाड्या, नुसते कुत्रे, काहीही. जिच्यावर जीव जडेल ती पिन पट्टीवर लावू नये, खिशात ठेवावी. पट्टीवर फक्त द्यायच्या. आणि देताना मागचं रबरी टोपण लावूनच द्यावी, म्हणजे टोक समोरच्याच्या बोटात जात नाही.