हुरडा, नवा तांदूळ आणि फोडणीचा भात: सगळी स्टार्चची करामत

हुरडा गोड का लागतो? गूळ, रेवड्या, दही, लसणाची चटणी सगळं बाजूला ठेवा, आगटीतून काढलेलं कणीस हातावर मळून तो गरम हिरवा दाणा नुसता तोंडात टाकला तरी गोडच लागतो, आणि तीच ज्वारी काही आठवडे रानात राहिली की भाकरीला एकदम झकास पण नुसती खायला गेलात तर दाताचंच काम काढाल.

होतं काय, तर ज्वारीचं पान उन्हात साखर बनवतं आणि ती खाली-वर फिरत कणसात येते. कोवळ्या दाण्यात ती थोडा वेळ साखर म्हणूनच असते, मग दाणा ग्लुकोजचे कण एकाला एक जोडून लांबच लांब साखळ्या करतो, म्हणजे स्टार्च. साखळीला जिभेवर गोडी नाही. म्हणून हुरड्याचे दिवस थोडेच. दाणा दाबला की पातळ दूध उडतं तेव्हा जरा लवकर आहे आणि नखच रुतत नाही तेव्हा उशीर झाला, मधल्या मऊ, चिकाच्या दाण्यात साखर पण आहे आणि चावायला स्टार्च पण. हुरडा जास्त दिवस पुरावा म्हणून शेतकरी टप्प्याटप्प्याने पेरतात ते याचसाठी. गूळभेंडी, सुरती, कुचकुची या जाती खास हुरड्याच्या, गोडी तर आहेच पण मळल्यावर दाणा पटकन सुटतो हे जास्त महत्त्वाचं, नाहीतर निम्मा वेळ कुसं थुंकण्यातच जातो. आणि तो खमंग वास म्हणजे दाण्यातली साखर आणि प्रोटीन गोवऱ्यांच्या आरावर एकमेकांशी भिडतात त्याचा, भाकरीच्या पापुद्र्याला किंवा भाजलेल्या शेंगांना येतो तोच प्रकार.

आता यातली खरी गोम अशी की तोडल्यावरही दाणा लगेच मरत नाही. मटाराची शेंग, मक्याचं कणीस, सगळी तोडल्यावर श्वास घेत राहतात, त्यात साखर जळते आणि उरलेलीचं स्टार्च होत राहतं. स्वीट कॉर्नचे आकडे बघा, ३० अंश सेल्सिअसला ठेवलं तर एका दिवसात ६० टक्क्यांपर्यंत साखर जाऊ शकते, शून्य अंशाला ठेवलं तर साधारण ६ टक्के. म्हणजे पुरंदरचा मटार सकाळी तोडून दुपारी घरी आला तर त्याच्यासारखं काही नाही, मान्य, पण तोच मटार गोणीत बसून तीन दिवस उन्हात फिरला असेल तर त्याच्यापेक्षा फ्रोजन पाकीट गोड निघू शकतं. लोकांना हे पटत नाही. तोडल्यावर काही तासांत गरम पाण्यातून काढून गोठवला की साखरेची वाट लावणारी एन्झाईम्स बंद पडतात, इतकं सोपं आहे ते.

भाताचं मात्र उलटंच आहे, तिथे ताजं म्हणजे चांगलं असं सरसकट म्हणता येत नाही. ताप आलाय, तोंडाला चव नाही, तेव्हा जो गुरगुट्या भात, मेतकूट आणि तुपाची धार लागते त्याला तांदूळ नवाच हवा. नवा आंबेमोहर किंवा इंद्रायणी (वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेली, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या जातींच्या संकरातून) शिजताना स्टार्च भराभर पाण्यात सोडतो म्हणून भात मऊ, चिकट, आसट होतो. तांदूळ वर्षभर मुरला की दाण्यातली प्रोटीन्स एकमेकांना घट्ट धरतात, दाणा कडक होतो, पाणी जास्त पितो पण फुटत नाही. मसालेभाताला, पुलावाला जुना तांदूळ मागतात तो यासाठी.

पण जुना होताना वास जातो. आंबेमोहराच्या त्या वासामागे मुख्यतः एकच रेणू आहे, २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन, बासमतीतही तोच, पॉपकॉर्नमध्येही, आणि कोकणात परसात लावतात त्या 'बासमतीच्या पानातही' (भाताचं नव्हे, केवड्याच्या कुळातलं पांडनचं पान). गंमत म्हणजे हा वास एका बिघडलेल्या जनुकामुळे येतो, ते धड चालत असतं तर दाण्यात हा रेणू साठलाच नसता. पाण्याच्या एक अब्ज भागात त्याचा एक दशांश भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. पण तो उडून जाणारा आहे, म्हणून नवा आंबेमोहर शिजला की शेजाऱ्यांना कळतं आणि जुन्याचा घरातल्यांनाही पत्ता लागत नाही.

उरलेला भात थंड झाला की स्टार्चच्या साखळ्या परत रांगेत बसतात, पाणी बाहेर ढकलतात, भात टणक आणि सुटा होतो. फोडणीचा भात शिळ्याचाच का जमतो याचं उत्तर हेच, गरम भाताला फोडणी घातली तर लगदा होतो. फक्त तो भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका हां, बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं उलटी करवणारं विष सकाळी कितीही परतलं तरी तसंच राहतं. जेवणं झाली की पातेलं थेट फ्रीजमध्ये, आणि भात जास्त असेल तर पसरट भांड्यात काढून, म्हणजे लवकर गार होतो.