एकाच नेटवर्क कार्डाला अनेक आयपी : हे आलं कुठून?

सीताबर्डीतल्या दुकानात इंटरनेटचं नवं कनेक्शन येतं. नवा राउटर १९२.१६८.०च्या रांगेतला, प्रिंटर आणि काउंटरवरची मशीन मात्र १९२.१६८.१मध्ये. इंजिनिअर बिलिंगच्या सर्व्हरच्या एकाच नेटवर्क कार्डाला दोन्ही रांगांतला एकेक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतो, "सध्या जुगाड करून देतो" म्हणतो आणि निघतो. तो जुगाड मग वर्षानुवर्षं तसाच चालतो.

खरं तर यात जुगाड काही नाही. सप्टेंबर १९८१मध्ये आयपीचं मूळ मानक, म्हणजे आरएफसी ७९१, निघालं. एका यंत्राला अनेक पत्ते घेऊन अनेक यंत्रांसारखं वागता आलं पाहिजे, असं त्यातच लिहिलेलं आहे. पुढच्या वर्षी आलेल्या एआरपीने, म्हणजे आयपीवरून कार्ड शोधण्याच्या पद्धतीने, वाट आणखी सोपी केली. 'हा आयपी कोणाचा?' अशी हाक नेटवर्कवर आली की सर्व्हर दोन्ही आयपींसाठी आपला तोच मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा क्रमांक, सांगतो. हिशेब सगळा ऑपरेटिंग सिस्टिमकडे. कार्डाला त्याची खबरही नसते.

या सोयीची खरी चलती झाली ती वेबमुळे. ब्राउझर आणि वेब सर्व्हरच्या बोलण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ब्राउझर फक्त पान मागायचा, कोणत्या साइटचं ते सांगायचा नाही. त्यामुळे एका सर्व्हरवर दहा साइट ठेवायच्या तर दहा आयपी लागत. लिनक्सवर ईटीएच० या कार्डाच्या जादा पत्त्यांना ईटीएच०:०, ईटीएच०:१ अशी टोपणनावं देण्याची पद्धत त्या काळात रुळली. जानेवारी १९९७च्या एचटीटीपी १.१ने साइटचं नाव सांगणं सक्तीचं केलं आणि ही गरज सरली.

सरली, पण एसएसएल, म्हणजे कुलूपबंद सुरक्षित कनेक्शन, वगळून. तिथे साइटचं नाव कळण्याआधीच सर्व्हरला साइटच्या ओळखीचं सर्टिफिकेट दाखवावं लागे, म्हणून सुरक्षित साइटला स्वतंत्र आयपी हवाच. २००३मध्ये एसएनआयने तोडगा दिला : ब्राउझरने साइटचं नाव सुरुवातीलाच सांगायचं. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो शेवटपर्यंत कळला नाही आणि एक्सपीचा सपोर्ट संपायला एप्रिल २०१४ उजाडला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०११मध्ये, आयपीव्ही४चा, म्हणजे या जुन्या धाटणीच्या पत्त्यांचा, जागतिक साठा संपला होता. ज्या वर्षांत पत्ते जपून वापरायचे, त्याच वर्षांत जुन्या ब्राउझरपायी ते साइटमागे एक असे खर्च होत राहिले.

ईटीएच०:० ही टोपणनावं आता केवळ लेबलं उरली आहेत. लिनक्स २.२पासून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकाच कार्डावर थेट अनेक पत्ते ठेवतो आणि 'आयपी' ही आज्ञा ते सगळे दाखवते. जुन्या 'आयएफकॉन्फिग' या आज्ञेला मात्र लेबल नसलेला जादा पत्ता दिसत नाही. पत्ता चालू असतो, पिंगला (पत्ता जागा आहे का हे तपासणाऱ्या हाकेला) उत्तर देतो, यादीत मात्र नसतो. जुन्या आज्ञेची सवय असलेल्यांचा बराच वेळ यातच जातो.

आयपीव्ही६ या नव्या धाटणीच्या पत्त्यांत तर एका कार्डाला अनेक पत्ते कसे, हा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक कार्डाला एफई८०ने सुरू होणारा स्थानिक पत्ता असतोच. इंटरनेटचा पत्ता त्याखेरीज, आणि ओळख लपवायला अधूनमधून बदलणारा आणखी एक.