हॅम्लेटची ती 'वाईट' पहिली छापील प्रत

शेक्सपिअरचं हॅम्लेट हे नाटक पहिल्यांदा छापून कधी आलं, हे १८२३ पर्यंत कुणालाच धड माहीत नव्हतं. सगळ्यात जुनी म्हणून १६०४ ची प्रत दाखवायचे, आणि तिच्या टायटल पेजवर स्वच्छ छापलंय की हे नाटक आता मूळ खऱ्या प्रतीवरून नव्याने छापलंय आणि आधी होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट केलंय. म्हणजे आधी काहीतरी होतं, पण ते कुणाच्या बघण्यातच नव्हतं.

मग १८२३ मध्ये सर हेन्री बनबरी या गृहस्थांना सफोकमधल्या बार्टन हॉलमध्ये, एका कपाटात, जुन्या नाटकांचं एक वाईट बांधलेलं, कडा वाट्टेल तशा कापलेलं बाड सापडलं आणि त्यात हे निघालं, वर्ष १६०३. शेवटचं पान गायब. पुस्तकविक्रेत्यांनी ते घेतलं, ड्यूक ऑफ डेव्हनशायरला २३० पौंडांना विकलं, १८२५ मध्ये त्याचं पुनर्मुद्रणही निघालं, आणि वाचणाऱ्यांनी कपाळावर हात मारला, कारण आतलं हॅम्लेट ओळखीचंच वाटेना.

उदाहरणच बघा ना, जगातलं सगळ्यात प्रसिद्ध स्वगत इथे साधारण असं येतं: "असावं की नसावं, हो, मुद्दा तोच. मरणं, झोपणं, एवढंच ना? हो, एवढंच." राजाचा मंत्री पोलोनियस, त्याचं नाव इथे कोराम्बिस आहे. नंतरच्या प्रतीत साधारण ३८०० ओळी आहेत, इथे २२०० च्या आसपास. स्वगताची जागासुद्धा वेगळी, बरंच आधी येतं.

हे असं का झालं ते समजायला तेव्हाचा धंदा बघायला लागतो. नाटक लिहिणाऱ्याचा छापील पुस्तकावर हक्क वगैरे काही नव्हता, नाटक कंपनीच्या मालकीचं, आणि छापायचा हक्क लंडनच्या स्टेशनर्स कंपनीच्या (छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघाच्या) वहीत जो नोंद करेल त्याचा. जेम्स रॉबर्ट्सने २६ जुलै १६०२ ला हॅम्लेटची नोंद केली, पण १६०३ ची प्रत काढली निकोलस लिंग (हसू नका, आडनावच आहे, आणि लिंग नावाचा मासा असतो म्हणून त्याच्या छापचिन्हात मासा असायचा) आणि जॉन ट्रंडेल यांनी, छापली व्हॅलेंटाइन सिम्सने. आणि पुढची 'खरी' प्रत कुणी छापली तर त्याच रॉबर्ट्सने, याच लिंगसाठी! म्हणजे सरळ चोरी म्हणावी तर चोर आणि मालक वर्षभरात एकत्र धंदा करतायत.

१६०३ च्या प्रतीच्या टायटल पेजवर नाटक 'हिज हायनेस'च्या, म्हणजे राजाच्या, नोकरांनी केल्याचं लिहिलंय. एलिझाबेथ राणी १६०३ च्या मार्चमध्ये गेली आणि मे महिन्यात शेक्सपिअरची कंपनी नव्या राजाची झाली, म्हणजे पुस्तक त्याच्यानंतरचंच. पुस्तक तरी कसलं, क्वार्टो म्हणजे कागदाचा ताव दोनदा दुमडून केलेली चार पानं, आठ बाजू, अशा घड्या शिवलेलं चोपडं. वाचा आणि टाका. जपून कोण ठेवणार.

मजकूर बिघडला कसा याच्यावर विद्वानांची भांडणं अजून चालू आहेत. गाजलेला तर्क असा की कुणा नटाने आठवून आठवून सांगितलं आणि उतरवून घेतलं. संशय आहे मार्सेलस या पहारेकऱ्याचं काम करणाऱ्यावर, कारण त्याचे संवाद नंतरच्या प्रतींशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतात आणि तो स्टेजवरून गेला की गाडी घसरायला लागते 😄 बाकीचे म्हणतात हा शेक्सपिअरचाच पहिला खर्डा, किंवा प्रयोगासाठी कापून छोटं केलेलं नाटक. १९०९ मध्ये पोलार्ड नावाच्या अभ्यासकाने अशा प्रतींना 'बॅड क्वार्टो' म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मला ते नाव पटत नाही. कविता म्हणून वाईट आहे, मान्य, पण स्टेजवर काय दिसत होतं ते इथेच कळतं. हॅम्लेटच्या आईच्या खोलीत बापाचं भूत येतं ते चक्क नाइटगाउन घालून, हॅम्लेटची प्रेयसी ओफेलिया केस मोकळे सोडून ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत गात येते, तिच्या थडग्यात तिचा भाऊ लाएर्टिसच्या मागोमाग हॅम्लेट उडी मारतो. आणि राणी, म्हणजे हॅम्लेटची आई, इथे शपथेवर सांगते की नवऱ्याच्या खुनाचं मला काहीच माहीत नव्हतं, शिवाय हॅम्लेटचा मित्र होरेशिओबरोबर तिचा एक अख्खा प्रवेश आहे जो दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नाही. म्हणजे ती मुलाच्या बाजूची! विल्यम पोएल या नट-दिग्दर्शकाने १८८१ मध्ये लंडनला याच मजकुराचा प्रयोग केला. योगायोग म्हणजे पुढच्याच वर्षी आगरकर डोंगरीच्या तुरुंगात हॅम्लेट मराठीत आणत बसले होते, जे १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून छापून आलं.

दुसरी प्रत सापडली १८५६ मध्ये, डब्लिनला. ट्रिनिटी कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने ती रूनी नावाच्या पुस्तकविक्रेत्याला एका शिलिंगला विकली. एक शिलिंग! रूनीने पुढे ७० पौंडांना दिली, मग ती १२० ला गेली आणि शेवटी ब्रिटिश म्युझियमकडे आली, आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. डेव्हनशायरवाली १९१४ मध्ये हंटिंग्टन या अमेरिकन संग्राहकाने घेतली, ती कॅलिफोर्नियात.

तिसरी प्रत आजवर मिळालेली नाही. आणि डब्लिनच्या प्रतीत शेवटचं पान आहे, पण टायटल पेज नाही. त्यामुळे सुरुवात वाचायची तर कॅलिफोर्निया, आणि हॅम्लेट मेल्यानंतरचं शेवटचं पान बघायचं तर लंडन.