एरोल ताश : येशिलचामच्या खलनायकाची पार्श्वभूमी

इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या येशिलचाम गल्लीत निर्मात्यांची कार्यालयं होती, म्हणून जुन्या तुर्की सिनेमाला येशिलचाम म्हणतात. 1948 मध्ये देशी चित्रपटांवरचा करमणूक कर 25 टक्क्यांवर आला, परदेशी चित्रपटांवर मात्र तो 70 टक्के राहिला. तिथून निर्मिती वाढत गेली आणि 1972 मध्ये वर्षाला तीनशेच्या घरात पोचली. पैसा अदाना, इझमीर, साम्सुन अशा विभागांच्या वितरकांकडून आगाऊ येई. नायक-नायिका कोण आणि कथा कशी, यावर त्यांचाच शब्द चाले. या घाईत खलनायक पडद्यावर येताक्षणी ओळखू यावा लागे.

एर्झुरूममध्ये 1928 साली जन्मलेले, पूर्वी मुष्टियुद्ध खेळलेले नट एरोल ताश या गरजेत चपखल बसले. चित्रीकरण मूक होई. कॅमेऱ्यामागून सूचक (प्रॉम्प्टर) संवाद वाचे, नट तो म्हणे आणि आवाज नंतर स्टुडिओत भरला जाई, पुष्कळदा दुसऱ्याचाच. म्हणून जुना तुर्की चित्रपट पाहताना आवाजावरून अभिनय जोखू नये. निळू फुल्यांचा निम्मा दरारा त्यांच्या आवाजात होता. ताश यांच्याकडे ते हत्यार हक्काचं नव्हतं. नजर, जबडा आणि खांदे यांवरच काम भागवायचं होतं.

त्यांची खरी ताकद दिसते दिग्दर्शक मेतिन एर्कसान यांच्या ‘सुसुझ याझ’मध्ये (1963). नेजाती जुमालि यांच्या कथेवरचा हा चित्रपट इझमीरजवळच्या बादेमलेर गावात चित्रित झाला. ताश यांचा उस्मान आपल्या जमिनीतला झरा अडवतो, खालच्या शेतांचं पाणी तोडतो. भांडणात खून करतो आणि धाकट्या भावाला तो अंगावर घ्यायला लावून तुरुंगात पाठवतो. मग त्याची नजर भावजयीवर. ती भूमिका ह्युल्या कोचयीत यांची. तिच्या डोळ्यांत पाहत तो गाईच्या सडाला तोंड लावतो, त्या प्रसंगात हाव आणि एकटेपणा दोन्ही दिसतात. साचेबंद खलनायकात हे सापडत नाही. 1964 मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, या चित्रपटाला मिळालं.

दिग्दर्शक ल्युत्फी आकाद यांच्या ‘हुदुतलारिन कानुनू’त (1966) ते नायक यिल्माझ ग्युनेय यांच्यासमोर सीमेवरच्या तस्करीच्या जगात उभे आहेत. इतकं करूनही मागणी राहिली ती दुष्ट जमीनदार आणि गुंडाचीच. वितरकाला चालणारा चेहरा बदलायला निर्माता धजत नसे, आणि या उद्योगाचा हा सर्वांत मोठा अन्याय मला वाटतो.

सत्तरच्या दशकात टीव्ही घरोघरी पोचला, कुटुंबं थिएटरपासून दुरावली. ताश इस्तंबूलच्या जानकुर्तारान भागात कॉफीघर चालवत. 8 नोव्हेंबर 1998 रोजी ते गेले.

आज सुरुवात ‘सुसुझ याझ’ आणि ‘हुदुतलारिन कानुनू’ या दोन चित्रपटांनीच करावी. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने पहिला 2008 मध्ये आणि दुसरा 2011 मध्ये दुरुस्त केला. 1980 च्या लष्करी उठावानंतर दुसऱ्याची एकच प्रत उरली होती, त्यामुळे दुरुस्तीनंतरही तिच्यावरचे ओरखडे जागोजागी दिसतात.