कोल्हापूर वस्तुसंग्रहालय (टाउन हॉल) आणि शिलाहारकालीन शिल्पकला

कोल्हापूर वस्तुसंग्रहालय : भाऊसिंगजी रस्त्यावर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासमोरच्या टाउन हॉल इमारतीतील शासकीय संग्रहालय. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या वस्तू ठेवण्यासाठी १९४५-४६ मध्ये ते सुरू झाले आणि १९४९ मध्ये टाउन हॉलमध्ये हलवण्यात आले. कारभार राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. इमारत १८७२ ते १८७६ या काळातली, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार गॉथिक धाटणीत बांधलेली. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्यांचाच.

संग्रहात नाणी, शस्त्रे, शिलालेख, दगडी शिल्पे आणि आबालाल रहिमान यांच्यापासूनच्या कोल्हापुरी चित्रकारांची चित्रे आहेत. नाव झाले ते मात्र ब्रह्मपुरीच्या ब्राँझ वस्तूंमुळे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे १९४५-४६ मध्ये उत्खनन केले. सातवाहनकाळात रोमन जगाशी असलेल्या व्यापाराचा पुरावा म्हणून ब्रह्मपुरीचा समुद्रदेव पोसायडन जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. हा वीतभरही उंची नसलेला पुतळा बघायला लोक येतात, तो बघून निघतात, आणि शेजारच्या काळ्या दगडांकडे फारसे कोणी थांबत नाही. ही मोठी हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे, कारण पोसायडन बाहेरून आलेला पाहुणा आहे आणि हे दगड इथल्या मातीतले आहेत.

या दगडांमागचा काळ मुख्यतः शिलाहारांचा. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्याने दहाव्या शतकाच्या मध्यापासून १२१२ च्या सुमारापर्यंत या भागावर राज्य केले. बराच काळ ते कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. महालक्ष्मीच्या वरप्रसादाने राज्य मिळाले, असे ते आपल्या बिरुदात अभिमानाने सांगत. गंडरादित्य, विजयादित्य आणि दुसरा भोज ही त्यांतली ठळक नावे. यादव राजा सिंघणाने भोजाचा पराभव केला आणि हे राज्य संपले. इथल्या प्रत्येक जुन्या काळ्या देवळाला हेमाडपंती म्हणायची सवय पडली आहे. ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि शिलाहारांची बांधकामे त्याच्या आधीची, एवढे लक्षात ठेवले तरी संग्रहालयातला निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरा गोंधळ होतो तो शैव, वैष्णव आणि जैन मूर्ती एकाच दालनात पाहून. त्या काळी हे शेजार नेहमीचे होते. शके १०३२ (इ. स. १११०) च्या ताम्रपटानुसार गंडरादित्याने मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत (जैनांचे जिन) या तिघांची स्थापना केली. त्याचा सामंत निंबदेव जैन. त्याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी, म्हणजे जैन मंदिर, उभारली. शुक्रवार वेशीजवळचा शके १०५८ चा लेख निंबदेवाने बांधलेल्या पार्श्वनाथाच्या बसदीविषयी आहे. बसदीसाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर कर लावून घेतल्याचे त्यात नोंदले आहे. म्हणजे मूर्ती आणि देवळे राजाच्या मर्जीवर चालत तशीच बाजारपेठेच्या पैशावरही चालत.

दालनातले शिल्प पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा की हे मुळात कुठे बसवले होते. यांतले बरेचसे दगड स्वतंत्र मूर्ती म्हणून घडलेलेच नाहीत, ते इमारतीचे अवयव आहेत. पाठ न घडवता खडबडीत सोडली असेल, तर ते भिंतीत किंवा देवकोष्ठात (मूर्तीसाठीच्या कोनाड्यात) बसवलेले होते. खांबाचा तुकडा असेल तर त्यावर चौकोन, अष्टकोन आणि वर्तुळ यांचे थर कसे बदलतात ते पाहावे. वर हात टेकून भार पेलणारे ठेंगणे यक्ष दिसले, की तो खांबाच्या माथ्याचा, तुळईखालचा भाग समजावा. द्वारशाखेच्या, म्हणजे दाराच्या चौकटीच्या, तुकड्यावर वेलबुट्टी, व्याल (सिंहासारखे काल्पनिक प्राणी), छोटे खांब अशा उभ्या पट्ट्या असतात. देऊळ कोणाचे ते ओळखायला ललाटबिंब, म्हणजे चौकटीच्या माथ्यावरची मधली प्रतिमा, मोठी मदत करते. तिथे तीर्थंकर असेल तर ती बसदी. गणपती मात्र अनेक देवळांच्या दारावर असतो, त्यामुळे एकट्या गणपतीवरून निवाडा करू नये.

उभा विष्णू समोर आला, तर नुसते शंख-चक्र दिसले म्हणून पुढे जाऊ नये. विष्णूच्या चोवीस रूपांत फरक असतो तो आयुधांच्या क्रमाचा. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करून उजव्या वरच्या, डाव्या वरच्या आणि डाव्या खालच्या हाताकडे जायचे. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. हात तुटलेला असेल तर उरलेल्या आयुधांवरून पर्याय कमी करत जाता येते. मुलांना हे फार आवडते. शाळेच्या सहली इथे येतात तेव्हा तारखांची उजळणी घेण्यापेक्षा एका मूर्तीचा क्रम लावून घ्यावा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो वीरगळांना, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांना. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत वीर लढतो किंवा पडलेला असतो. तिथे गाई कोरल्या असतील तर गोधन राखताना आलेले ते मरण. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो आणि शेजारी पुजारी असतो. माथ्यावर कलश, दोन्ही अंगांना चंद्र आणि सूर्य. काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. राजांची नावे ताम्रपटांतून टिकली, पण गावाच्या शिवेवर मेलेल्या माणसाची एवढीच खूण राहिली. कोल्हापूर जिल्ह्यात कित्येक गावांत असे दगड देवळामागे, पारावर किंवा ओढ्याकाठी पडलेले आहेत. काहींवर शेंदूर, काहींवर ऑइलपेंट. रंगाच्या थराखाली झिजलेल्या रेषा वाचता येत नाहीत. म्हणून टाउन हॉलमध्ये वीरगळ नीट पाहून घेतला, की आपल्या गावचा ओळखू येतो आणि त्याला रंग फासू नका असे सांगता येते.

भेट सकाळी द्यावी. काळ्या पाषाणावर तिरपा उजेड पडला की उथळ कोरीवकाम उठून दिसते. सोमवारी संग्रहालय बंद असते.

संग्रहालयातून अंबाबाईचे देऊळ पायी जाण्याएवढे जवळ आहे. दर्शनाची रांग झाल्यावर बाहेरच्या भिंतीला एक फेरी मारावी. संग्रहालयात सुट्या दिसलेल्या सुरसुंदरी (देवांगनांची शिल्पे), कोनाडे आणि थर इथे जागच्या जागी आहेत. शिखरे मात्र नंतरची आहेत, ती जमेस धरू नयेत. पुढे जमले तर खिद्रापूर. कृष्णाकाठच्या इथल्या कोपेश्वर या शिवमंदिराच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब असून मधले छत गोल उघडे आहे. खांबाचे सगळे भाग तळापासून तुळईपर्यंत एकावर एक कसे बसतात, हे इथल्याइतके स्पष्ट जिल्ह्यात दुसरीकडे दिसत नाही. तिथेच सिंघणाचा शके ११३६ चा लेख आहे. भोजाचे राज्य घेतल्यावर थोड्याच काळात त्याने याच देवाला मिरिंज (मिरज) देशातले कूडलदामवाड हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे.