पचनमार्ग
तोंडापासून गुदद्वारापर्यंत सलग गेलेली स्नायुमय नळी. प्रौढ माणसात तिची लांबी साधारण ९ मीटर भरते. मुख, घसा, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे आणि गुदाशय हे तिचे भाग. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत या साऱ्याला ‘पोट’ आणि शेजारच्या कन्नड घरांत ‘होट्टे’ एवढा एकच शब्द पुरतो. दुखणे सांगताना मात्र तो अपुरा पडतो. जठर बरगड्यांखाली डावीकडे असते, बेंबीभोवती लहान आतड्याची वेटोळी आणि उजवीकडे खाली आंत्रपुच्छ (अपेंडिक्स). आंत्रपुच्छाला सूज आली की कळ बहुधा बेंबीपाशी सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे उतरते. अशा वेळी पोट शेकत बसू नये, रुग्णालय गाठावे.

जोंधळ्याच्या भाकरीचा घास सावकाश चावला की गोडसर लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे विकर (अन्न फोडणारे एन्झाइम) पिठाची साखर करू लागल्याची ती चव. पुढे सुमारे २५ सेंमी. लांबीच्या अन्ननलिकेतून घास नुसता वजनाने खाली पडत नाही. मागचे स्नायू आवळत आणि पुढचे सैल होत त्याला ढकलतात. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे विकर प्रथिने फोडू लागतात. घुसळून घुसळून घासाची आंबिलीसारखी पातळ लापशी होते.

ठेचा-भाकरी खाऊन लगेच आडवे झाल्यावर छातीत जळजळते, त्याला आपल्याकडे ‘पित्त झालंय’ म्हणतात. शरीरशास्त्रातले पित्त ते नव्हे. जठरातले आम्ल वर चढलेले असते. जठराला श्लेष्म्याच्या (बुळबुळीत स्रावाच्या) जाड थराचे संरक्षण असते, अन्ननलिकेला तसे नसते. खरे पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरून स्निग्धांशाचे बारीक थेंब करते. बेळगावी कुंद्यातली दुधाची स्निग्धता पचते ती या पित्तामुळे आणि स्वादुपिंडातून येणाऱ्या लायपेज या विकरामुळे.

शोषणाचे मुख्य काम ६-७ मीटर लांबीच्या लहान आतड्याचे. त्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे, जेमतेम १ मिमी. उंचीचे असंख्य रसांकुर असतात. त्यांतून साखर आणि अमिनो आम्ले रक्तात जातात, स्निग्धांश बहुतेक लसीकावाहिन्यांत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांत). जोंधळ्याच्या कोंड्यातले तंतू मात्र तसेच दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जीवाणू त्यांतला काही भाग आंबवतात, म्हणून वायू होतो. पाणी शोषले जाते आणि घट्ट झालेला मळ गुदाशयाकडे सरकतो.